वहीच्या जागी मीठ

१

शनिवारी सकाळी सव्वाआठला क्रांतीनं चर्चच्या हॉलचं दार खांद्यानं ढकललं. हात मोकळे नव्हते. कडेवर नऊ महिन्यांची सोनम, दुसऱ्या हातात फुलांची पिशवी, आणि सोनमनं तिसऱ्यांदा खाली टाकलेलं लाळेरं दातांत धरलेलं. मागून नमितामावशी किल्ल्या पर्समध्ये टाकत आल्या.

सानपाड्यातली ही मराठी ख्रिस्ती मंडळी छोटी. रविवारच्या उपासनेला साठ-सत्तर माणसं यायची. पण प्रदर्शन झकास मांडलं होतं. भिंतीवर ओळीनं मोठमोठे फलक होते. कुष्ठरोग्यांची सेवा करता करता स्वतः त्याच रोगानं गेलेले फादर डेमियन. वेल्लोरला दवाखाना उभा करणाऱ्या डॉक्टर आयडा स्कडर. कोलकात्याच्या मदर तेरेसा. साऱ्या जगाला ठाऊक असलेली माणसं. आणि सगळ्यात शेवटी, ज्यांचा एकही फोटो उरला नव्हता अशा सलोमीबाई रणपिसे. नमितामावशींची आजी.

सलोमीबाई १९२१ साली नगरच्या मिशन दवाखान्यातून दाईपण शिकून खाडीकाठी आल्या आणि बोनकोड्यात राहिल्या. चाळीस वर्षं होडीनं, चिखलातनं, मिठागरांच्या बांधावरून जाऊन त्यांनी बाळंतपणं केली. मागे ठेवली ती एक जाडजूड वही. जन्मलेल्या प्रत्येक पोराची त्यात एक ओळ. पहिल्या पानावर त्यांच्याच हातचं एक वाक्य होतं, ते क्रांतीनं सुंदर अक्षरात पाटीवर उतरवून काचपेटीवर लावलं होतं : 'ही वही ज्या घरी धीर हवा त्या घरी जावी. आणायला मीच जाईन.'

रविवारी दुपारी चारला महापालिकेची समिती येणार होती. बोनकोड्याजवळ नवं प्रसूतिगृह तयार झालं होतं, त्याला सलोमीबाईंचं नाव द्यावं असा नमितामावशींचा अर्ज होता. समितीनं एवढंच म्हटलं होतं : पुरावा दाखवा. पुरावा म्हणजे ती वही.

"मावशी," क्रांती म्हणाली. लाळेरं तोंडातून खाली पडलं.

काचपेटीचं झाकण नीट बंद होतं. आत निळं मखमली कापड होतं. वही नव्हती. वहीच्या जागी, बरोबर मध्यभागी, जुन्या कापडाची एक मुठीएवढी गाठोडी होती.

क्रांतीनं ती सोडली. आत पसाभर खडे मीठ.

नमितामावशी खुर्चीवर बसल्या. सत्तरी ओलांडलेली, पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात सिस्टर म्हणून काढलेली बाई. कशानं डगमगायची नाही. आज त्यांनी गाठोडी नुसती हातात धरून ठेवली. "मीठ," त्या म्हणाल्या. "गंमत बघ. आजी होती तोवर आमच्या घरी मीठ विकत आणलेलं मला आठवतच नाही. आजी गेली त्याच वर्षी बाबा आम्हाला घेऊन नगरला गेले. तिथं त्यांनी दुकानातून मिठाची पुडी आणली, तर आई ती हातात धरून रडत बसली. मी आठ वर्षांची. मला काही कळलं नाही."

क्रांतीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण दोष आपलाच, हे तिला ठाऊक होतं. कारण मावशींनी ती वही साठ वर्षं कपाटात जपली होती. "बाहेर काढा मावशी, लोकांना दिसू द्या" असं महिनाभर मागे लागून सांगितलं होतं ते शेजारच्या बिल्डिंगमधल्या, शाळेत ग्रंथपाल असणाऱ्या क्रांतीनंच.

"मी शोधते," ती म्हणाली. "उद्या चारच्या आत."

सोनमनं तेवढ्यात मिठाचा एक खडा तोंडात घातला होता आणि भयंकर तोंड केलं होतं.

२

पास्टर प्रितम साळवे धावतच आले. "जय ख्रिस्त, मावशी… अरे देवा!" त्यांनी काचपेटीकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "पेटीला कडी आहे, कुलूप नाही. चूक माझी. मंडळीत कोण चोरी करणार असं वाटलं."

"काल शेवटी वही कुणी पाहिली?" क्रांतीनं विचारलं.

"मीच. संध्याकाळी साडेपाचला. त्यानंतर फक्त तिघं आले. तो विपुल, जुन्या कागदांवर काम करतो ना वाशीला, तो. आणि भगवानशेठ म्हात्रे, बोनकोड्याचे. सोबत त्यांची म्हातारी आत्या. भगवानशेठ माझ्याशी दारात उभे राहून अर्धा तास भांडले. त्यांना प्रसूतिगृहाला त्यांच्या आजोबांचं नाव हवंय, वामन म्हात्रे. मी सात वाजता हॉल बंद केला, पेटीकडे बघितलंच नाही."

"आणि आत्या?"

"ती बिचारी फिरत होती एकटी. आमचं भांडण संपल्यावर तिनं मला विचारलं, बाईच्या घरचं कोन हाय इथं? मी मावशींकडे बोट दाखवलं."

नमितामावशी ओलसर डोळ्यांनी हसल्या. "गोड म्हातारी होती. माझी हनुवटी धरली न् म्हणाली, उद्या ये गो घरा. मी म्हटलं, येईन हं. चहाला बोलावत असेल."

पास्टरांनी पाटीकडे पाहिलं. "आणायला मीच जाईन… मागच्या रविवारी मी याच वाक्यावर संदेश दिला. प्रभू आपल्याला न्यायला स्वतः येतो, या अर्थानं. आता ही वही कोण आणणार?"

विपुलला फोन केला तर तो वीस मिनिटांत स्कूटरवरून हजर. तिशीचा, चष्मा कपाळावर, हातांत कायम सुती हातमोजे घालायची सवय. तो आल्या आल्या रागावला. "मी म्हटलं नव्हतं, माझ्याकडे द्या दोन दिवस? आज मी सगळी पानं स्कॅन करणार होतो! आता माझ्याकडे फक्त एका पानाचा फोटो आहे."

"तुम्हाला ती वही घरी न्यायचीच होती," क्रांती शांतपणे म्हणाली.

"हो. आणि परत आणायची होती." त्यानं मिठाची गाठोडी पाहिली. "हे बहुतेक दमटपणा शोषायला ठेवलंय कुणीतरी. चुकीची पद्धत. मिठाला पाणी सुटतं. असलं मी स्वप्नातही करणार नाही."

ते पटण्यासारखं होतं. कागदाचा माणूस जुन्या वहीच्या जवळपासही मीठ ठेवणार नाही.

"फोटो दाखवा."

पानावर चार ओळी होत्या. तारीख, आईचं नाव, गाव, मुलगा किंवा मुलगी. शेवटी आणखी एक तारीख आणि त्यापुढे दोन शब्द : 'दोघं बरी'. पानाच्या खालच्या कोपऱ्यावर पिवळे डाग.

"हे काय?"

"जुनेपणा नाही तो. डाग आहेत, बोटांचे. बऱ्याच पानांवर आहेत. मला तेल वाटलं." विपुल घुटमळला. "खरी भानगड त्या दुसऱ्या तारखेची आहे. हा फोटो मी उत्साहात इथल्या इतिहासाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. भगवानशेठनं तो पाहिला आणि म्हणायला लागला, ही दुसरी तारीख बाप्तिस्म्याची. बाई बाळंतपणं करायची आणि पोरं लगेच बाटवायची. उद्या समितीपुढे तो हेच सांगणार आहे."

नमितामावशी ताडकन उभ्या राहिल्या. "माझी आजी? चाळीस वर्षांत गावातलं एक माणूस ख्रिस्ती झालं नाही. सगळ्या पंचक्रोशीत आमचं एकच घर होतं!"

"मग दुसरी तारीख कसली, मावशी?"

नमितामावशी पुन्हा खुर्चीवर बसल्या. "मला माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

३

सोनमला सासूकडे देऊन क्रांती रिक्षानं बोनकोड्याला गेली. भगवान म्हात्र्यांचं ऑफिस त्यांच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर होतं. भिंतीवर आजोबांचा मोठा फोटो, हार घातलेला. टेबलावर मिठाईचा उघडा खोका.

"या या मॅडम, बसा. बर्फी घ्या पयली. आत्याला पणती झाली गेल्या रविवारी. त्या गडबडीत पन म्हातारी काल हट्ट धरून बसली, मना ने त्या पदर्शनाला. पंच्याऐंशी वर्षांची हाय, ऐकते का कोनाचं?"

क्रांतीनं बर्फी हातात घेतली. "वही चोरीला गेली, भगवानशेठ. तिच्या जागेवर कुणीतरी मीठ ठेवलंय."

त्यांचा घास थांबला. चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग सावधपणा. "आनि तुमी सरळ माझ्याकडे आल्या. वा. जागेवर काय ठेवलंय म्हनता? मीठ? मग करनी हाय ती. पोलिसात जा नायतर भगताकडे जा, माझ्याकडे काय काम?"

"तुम्हाला सलोमीबाईंचं नाव नको आहे."

"ऐका मॅडम. आमी कोनाच्या धर्माच्या विरोधात नाय. पन आमची जमीन गेली, शेती गेली, मिठागरं गेली. गावाचं नाव स्टेशनच्या पाटीवर सुद्धा नीट राहिलं नाय. एक इमारत उभी राहते आमच्याच मातीत, तर तिला आमच्या मानसाचं नाव नको?" त्यांचा आवाज चढला, आणि त्या चढलेल्या आवाजात काहीतरी खरं दुखणं होतं. क्रांतीला ते जाणवलं. दिघ्यातल्या वस्तीत वाढलेल्या तिच्यासारख्या मुलीला पाटीवरच्या नावाची किंमत कुणी शिकवायला लागत नाही.

"आणि बाई बाहेरची होती?"

"बाहेरचीच. नगरची."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते दाराशी गेले. क्रांतीची नजर टेबलावरच्या टाइप केलेल्या पत्रावर पडली. समितीच्या नावानं. तारीख कालची, शुक्रवारची. पहिलीच ओळ : 'सदर बाईंच्या कार्याचा कोणताही विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही.'

तिनं घाईघाईनं पत्राच्या शेवटापर्यंत नजर फिरवली. हातातली बर्फी तशीच राहिली. वही गेल्याचं आज सकाळी कळलं. या माणसाला काल कसं ठाऊक होतं?

४

घरी आली तेव्हा सोनम रडून लाल झाली होती. आज तिला लस टोचून आणायची होती आणि क्रांती साफ विसरली होती. सासूबाईंनीच, बायजाबाईंनी, तिला कडेवर टाकून दवाखान्यात नेऊन आणलं होतं.

"मॅडम आल्या चोर पकडून," बायजाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या परभणीकडच्या. मुंबईत चाळीस वर्षं काढली पण बोली तशीच. "पोरीची सुई चुकली असती ना आज. बग, कार्डावर लिवलंय डॉक्टरनं, पुढची तारीख."

क्रांतीनं पोरीला छातीशी घेतलं आणि कार्डाकडे बघत बसली. पोरगी दूध पिता पिता हुंदके देत होती. कार्डावर जन्मतारीख होती, पुढे दुसरी तारीख. पुन्हा आणणे.

पुन्हा आणणे.

तिनं एका हातानं फोन काढला, विपुलचा फोटो मोठा केला. पहिली ओळ : तीन तारखेचा जन्म, दुसरी तारीख नऊ. दुसरी ओळ : अकरा आणि सतरा. तिसरी : वीस आणि सव्वीस. चौथीतही तेच. प्रत्येक ओळीत सहाच दिवसांचं अंतर. म्हणजे जन्माचा दिवस धरून सातवा दिवस. बाप्तिस्मे असे मोजून सातव्या दिवशी घरोघरी होत नाहीत. तो मंडळीपुढे होतो, आणि इथं मंडळीच नव्हती. ही तारीख दाईची होती. बाळंतिणीला ताप येतो तो याच दिवसांत, बाळाच्या नाळेतून विष भिनतं तेही याच दिवसांत. सलोमीबाई सातव्या दिवशी परत जात होत्या. जाऊन बघत होत्या. 'दोघं बरी.'

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शंभर वर्षांपूर्वी, चिखलातनं, होडीनं, न चुकता.

"पण आई," ती म्हणाली, "पाचवा नाही, आठवा नाही, नेमका सातवाच का?"

"सहाव्या रातीला सटवी येती ना," बायजाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "त्याच्या दुसऱ्या दिवशी मोकळं. आम्ही बाबासाहेबांच्या मागं गेलो तवा ते समदं सोडलं. पन माझी आजी सांगायची. हळद-कुंकू व्हायचं, पोराच्या उशाशी कोरा कागद अन् लेखनी ठेवायची. सटवी येऊन नशीब लिवती म्हने. आता जल्मभर अडाणी ऱ्हायलेल्यांच्या घरी कागद कुठला? ज्याच्या घरी वही आसंल त्याच्याकडनं मागून आणायची."

क्रांती इतकी एकदम उठली की सोनमच्या तोंडातून दूध सुटलं.

पिवळे डाग. तेल नव्हतं ते. हळद होती.

आणि बर्फी! पेढे नव्हे, बर्फी. आत्याच्या घरी मुलगी झाली रविवारी. रविवार धरून सहावा दिवस शुक्रवार.

तिनं डोळे मिटून भगवानशेठचं पत्र आठवलं. फोन संपवून ते परत यायच्या आत तिनं शेवटचा परिच्छेदही वाचला होता : 'समितीने वहीचे पान न् पान तपासावे.' ज्यानं वही पळवली तो पान न् पान तपासा असं लिहील? त्याच्या लेखी ती वही हा पुरावाच नव्हता, एवढाच पहिल्या ओळीचा अर्थ. चोर तो नव्हता. चोर त्याच्या गाडीतून आला होता आणि त्याच्याच गाडीतून गेला होता, वही पदराखाली घेऊन.

तिनं नमितामावशींना फोन लावला. "मावशी, चपला घाला. आपल्याला चहाला बोलावलंय. आणि तुमची नर्सची पिशवी घ्या."

"ती कशाला?"

"कारण आज सातवा दिवस आहे."

५

गोजराआत्याचं घर बोनकोड्यात जुन्या विहिरीमागे, नव्या चार मजली बिल्डिंगच्या तळाशी होतं. म्हातारी उंबऱ्यातच बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. तिनं दोघींना येताना पाहिलं आणि आत हाक मारली, "चा टाक गो! आली बाईची नात!"

मग नमितामावशींकडे वळून रागानं म्हणाली, "कवाधरून वाट बगतंय. सकाळची यायची ना? तुजी आजी उन्हाच्या आत यायची."

क्रांती खाली बसली. "आजी, वही तुम्ही नेलीत?"

"मंग? कोन नेनार?" म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "मीठ ठेवून आलंय ना जागेवर? चोरून नाय आनली. माझे लुगड्याचा तुकडा, आमचे जुने मिठागराचं मीठ. बरणी जपून ठेवलीय मी, मिठागर गेला तरी."

"पण विचारलं का नाही?"

"विचारायचा नस्तं! सहाव्या रातीचे सटीचा गाजावाजा कोन करतं? दिष्ट लागते. कोनाला न बोलता जायचा, वही घ्यायची, मीठ ठेवायचा. बाई घरी आली का मीठ बगायची, कापड बगायची. कापडावरनं वळखायची कोनाचे घरची. दुसरे दिशी सकाळी वही न्यायला हजर."

क्रांतीनं नमितामावशींकडे पाहिलं. पाटीवरचं वाक्य दोघींच्याही मनात एकदमच उमटलं असावं.

आणायला मीच जाईन.

"मावशी," क्रांती म्हणाली, "सलोमीबाई नुसती वही न्यायला यायच्याच नाहीत. वही हे निमित्त होतं. आपल्या घरात बाहेरची बाई, परधर्माची, सातव्या दिवशी बाळंतिणीला तपासायला आलेली कुणाला चालली असती? पण आपली वस्तू न्यायला आलेल्या माणसाला कोण अडवणार! त्यांनी गावाची सटवी मोडली नाही. तिच्या मागोमाग दुसऱ्या दिवशी स्वतः जायला लागल्या."

"मोल कवा घेतला नाय," गोजराआत्या म्हणाली. "तिचे घरान मीठ तेवडा आमचा. मी तिचेच हातान जल्मलंय. माझे पयल्या पोराचे सटीला पन हीच वही होती. मंग बाई गेली, पोरगा वही घेऊन नगरला गेला. त्याला आवडत नसंल आमचा हळदकुंकू. माझे मधल्या पोराला वही नाय, न् सातवे दिशी कोन आला नाय." तिनं पदर तोंडाशी नेला. "नवव्या दिशी गेला तो."



नमितामावशींनी आधी डोळे पुसले. मग चष्मा लावला, पिशवी उचलली आणि त्यांचा आवाज पस्तीस वर्षांच्या सिस्टरचा झाला. "बाळंतीण कुठाय?"

आतल्या खोलीत मनस्वी पांघरूण घेऊन पडली होती. चोवीस-पंचवीसची पोरगी. बाळ शेजारी झोपलेलं, आणि त्याच्या उशाशी, लाल कापडावर, हळदीकुंकवाची बोटं उठलेली सलोमीबाईंची वही. क्रांतीनं तिकडे हात नेला. पण मावशींनी वहीकडे पाहिलंही नाही. त्यांनी मनस्वीच्या कपाळाला हात लावला, मग मनगट धरलं, मग घड्याळ बघितलं.

"ताप कधीपासून?"

"काल दुपारपासून," मनस्वी पुटपुटली. "थंडी वाजते. घरात पाहुणे होते ना… म्हटलं उतरेल. कुणाला सांगू?"

"पोटात दुखतं? खाली वास येतो?"

मनस्वीनं मान हलवली आणि एकदम रडायला लागली, कुणीतरी विचारलं म्हणून.

"भगवानशेठला गाडी काढायला सांग," नमितामावशी क्रांतीला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

६

रविवारी चारला समिती आली. तिघं जण, प्रमुख होत्या आरोग्य अधिकारी डॉक्टर गीतांजली, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. हॉल भरलेला. काचपेटीत वही परत आली होती आणि विपुल तिच्याजवळ पोलिसासारखा उभा होता.

क्रांतीनं सगळं सांगितलं. दुसरी तारीख, सातवा दिवस, हळद, मीठ. सोनम बायजाबाईंच्या मांडीवर होती आणि मधूनमधून आईच्या बोलण्याला जोरात दुजोरा देत होती.

"तर्क चांगला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण तर्कच आहे. आक्षेपाचं पत्रही आलंय. भगवान म्हात्रे आहेत का इथं?"

मागच्या दारातून भगवानशेठ आत आले. रात्रभर इस्पितळात बसलेला माणूस. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. ते सरळ पुढे आले.

"पत्र माझं हाय," ते म्हणाले. "मी लिवलंय, पान न् पान तपासा. तर तपासूया. तीस ऑक्टोबर एकोणीसशे छत्तीस काढा. माझ्या बापाची जन्मतारीख."

विपुलनं मोजे घातलेल्या बोटांनी पान उलटलं आणि वाचलं. "पार्वती वामन म्हात्रे, बोनकोडे. मुलगा." तो थांबला. "पुढे… पाच नोव्हेंबर. आईस ताप. राहिले. सहा, राहिले. सात, राहिले. आठ नोव्हेंबर, दोघं बरी."



"माझी आजी," भगवानशेठ म्हणाले. भिंतीवरच्या मोठ्या माणसांकडे बघत नव्हते ते, त्या बिनफोटोच्या रिकाम्या चौकटीकडे बघत होते. "आनि काल मनस्वी. डॉक्टर म्हनाले, आजची रात्र घरी काढली असती तर हातची गेली असती. मॅडम, आजोबांचं नाव राहू दे. त्यांच्या बायकोला जिनं जगवलं तिचं नाव लिवा. बाहेरची म्हनलो मी तिला. आमच्या गावात तिच्यापेक्षा आतली कोन नव्हती."

"यावर गावाचं म्हणणं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर दारातून आलं. पुढे गोजराआत्या, मागे बोनकोड्याच्या म्हाताऱ्या. एक, दोन, पाच, नंतर मोजता येईनात. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. प्रत्येकीच्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली गाठोडी. निळी, हिरवी, चौकड्याची, फुलांची. त्या रांगेनं काचपेटीपर्यंत आल्या आणि एकेक गाठोडी वहीभोवती ठेवत गेल्या. पास्टर प्रितम काही बोलायला पुढे सरसावले.

"भाषण नका करू हां पास्टर," गोजराआत्या म्हणाली, "पाय दुखतान आमचे."

हशा पिकला, आणि त्या हशातच डॉक्टर गीतांजलींनी फाइल उघडली. "समितीची शिफारस एकमतानं," त्या म्हणाल्या. "सलोमीबाई रणपिसे प्रसूतिगृह." मग चष्मा काढून, जरा वेगळ्या आवाजात, "आणि सातव्या दिवशी घरी जाऊन तपासणी हा तिथला पहिला नियम मी स्वतः लिहीन."

टाळ्या इतक्या वाजल्या की सोनम दचकली, रडावं की हसावं ते ठरवलं, आणि हसली.

गर्दी ओसरल्यावर नमितामावशी वहीपाशी आल्या. शेवटची ओळ १९६१ सालची होती. तिच्याखाली अर्धं पान कोरं.

"मला इथं काहीतरी लिहायचंय," त्या म्हणाल्या.

"अजिबात नाही!" विपुल किंचाळलाच. "मावशी, शंभर वर्षं जुना दस्तऐवज आहे तो!" मग त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मिठाच्या गाठोड्यांच्या त्या रंगीत ढिगाकडे पाहिलं. एक उसासा टाकून खिशातून शाईचं पेन काढलं. "निदान बॉलपेननं तरी नका लिहू."

नमितामावशी वाकल्या. आजीसारखंच तिरकं, ठसठशीत अक्षर होतं त्यांचं. क्रांती सोनमला कडेवर घेऊन खांद्यावरून वाचत होती.

रविवारचा जन्म. मनस्वी, बोनकोडे. मुलगी. शनिवारी आईस ताप, दवाखान्यात नेले.

त्या क्षणभर थांबल्या. फोन काढून इस्पितळात विचारलं, ऐकलं, मान डोलावली. आणि मग, चौसष्ट वर्षांनी, त्या वहीत पुन्हा ते शब्द उतरले.

दोघी बऱ्या.